घडीच्या कॅमेऱ्यातली वाकडी खिडकी

९ सप्टेंबर

नोकरीतून सुटलो तेव्हा घरात दोन घडीचे कॅमेरे होते. आज सातवा आला. हिने दार उघडलं, माझ्या काखेतल्या खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "याला बसायला जागा आहे, की मी उठू?" सात कॅमेरे बाळगणाऱ्या नवऱ्याने अशा वेळी तोंड उघडू नये, एवढी अक्कल मला आली आहे. मी खोकं घेऊन सरळ माझ्या खोलीत गेलो.

पण काय जिन्नस आहे! मिटलेला असला की चष्म्याच्या जाड घरासारखा, कोटाच्या खिशात मावणारा. बाजूची कळ दाबली की पुढचं झाकण खाली येतं, काळा चामडी भाता उलगडतो आणि भिंग पुढे येऊन खट्कन जागेवर बसतं. दुपारची झोप झालेल्या माणसाने अंग ताणावं तसा उठतो. माझ्या आयुष्याच्या दुप्पट नसला तरी वयाने माझ्यापेक्षा मोठाच आहे, आणि सांधे माझ्याहून मोकळे.

खरी गंमत वरच्या बारक्या खिडकीत. तिला रेंजफाइंडर म्हणतात. एक डोळा मिटून दुसऱ्याने आत बघायचं. मधोमध फिकट पिवळा चौकोन दिसतो, आणि त्यात समोरच्या माणसाचं दुसरं, पुसट चित्र तरंगत असतं. भिंगाची कडी फिरवली की ते पुसट चित्र हळूहळू सरकतं आणि मूळ चित्रावर जाऊन बसतं. बसलं, दोनाचं एक झालं, की अंतर बरोबर. मग फोटो सुईसारखा स्पष्ट. लोक देवळात जाऊन जे मिळवतात ते मला या पिवळ्या चौकोनात मिळतं. तासन्‌तास खिडकीशी बसून मी समोरच्या घराचं धुराडं एक करतो, दोन करतो, पुन्हा एक करतो.

या सातव्यात मात्र दोन चित्रं नीट बसत नाहीत. वरचा भाग जुळला की खालचा सुटतो. शिवाय काचेतून आपल्या खिडकीचा गज मधेच पोट आल्यासारखा वाकडा दिसतो. विकणाऱ्याने फसवलं.

हे मी जेवताना बोललो. ही म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. डोळे दाखवून या एकदा."

माझे डोळे! नकाशांच्या कचेरीत मी उभं आयुष्य रेघा ओढल्या. माझ्या रेघांवर लोकांनी पूल बांधलेत आणि ते अजून उभे आहेत. दोन्ही डोळ्यांनी मी आजही पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो.

"तुमच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं," एवढं बोलून ती ताटं उचलायला लागली.

वडिलांचं वेगळं होतं. ते भट्टीसमोर काम करत. शेवटी शेवटी ते आम्हाला आवाजावरून ओळखायचे, चेहऱ्यावरून नाही. पण ते भट्टीमुळे.

१३ सप्टेंबर

सातव्याचं डोकं उघडलं. वरचं झाकण काढलं की आत एक इवलासा आरसा आणि दोन स्क्रू असतात. एक चित्राला आडवं हलवतो, एक उभं. उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं, लांबच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला आणि केसाएवढं फिरवत फिरवत दोन्ही टाक्या एकमेकींवर आणून बसवल्या. त्या घड्याळजीच्या भिंगावर मधोमध राखाडी डाग आहे. तीनदा पुसला, जात नाही. काच आतून उतरली असावी.

काम करताना मी काहीतरी गुणगुणत होतो म्हणे. ही दारात उभी राहून ऐकत होती. मी वर बघितलं तर हसली आणि निघून गेली.

२१ सप्टेंबर

एक बेत ठरवला. गल्लीतल्या प्रत्येकाचा एक फोटो काढायचा, अगदी जवळून, चेहराच फक्त. सातही कॅमेरे आळीपाळीने वापरायचे. इतक्या जवळून काढताना बोटभर अंतर चुकलं तरी डोळे सोडून कान स्पष्ट येतात, म्हणून खरी परीक्षा रेंजफाइंडरची. आज बेकरीवाल्यापासून सुरुवात केली. दाढीला पीठ लागलेलं, डोळ्यांत भट्टीचा उजेड. तो म्हणाला, "हसू का?" म्हटलं, "नको, भाव सांगत असल्यासारखा बघ." तेवढं त्याला बरोबर जमलं.

घरी आल्यावर हिने विचारलं, "माझा कधी काढणार?"

"तुझा शेवटी. सगळ्या कॅमेऱ्यांचे स्वभाव कळले की त्यातल्या सगळ्यात चांगल्याने."

"म्हणजे मी म्हातारी व्हायची वाट बघणार."

"त्यात आता वाट बघण्यासारखं काय राहिलंय?"

दुपारचा चहा मला स्वतः करून घ्यावा लागला.

२९ सप्टेंबर

प्रिंट आले. बेकरीवाल्याची दाढी म्हणजे नुसती धुक्याची गुंडाळी, आणि त्याच्या मागच्या फळीवरचा पाव असा स्पष्ट की तुकडा मोडून खावा. नेम त्याच्या डोळ्यावर धरला होता, मागच्या पावावर नाही! दुसऱ्या कॅमेऱ्याने काढलेली पोस्टमनची बायकोही तशीच. तिच्या मागचं कुंपण मात्र मोजून घ्यावं असं.

मग बाकीचे तपासायला घेतले. दुसरा तसाच, तिसरा तसाच. प्रत्येकात दोन चित्रं एकमेकांवर चढत नाहीत आणि सरळ वस्तूला मधे पोट येतं. इतकी वर्षं कुणी हात लावला नाही, तर स्क्रू ढिले होणारच. एकेकाचं डोकं उघडून सगळे जुळवायला हवेत. मला त्यात कंटाळा नाही. कंटाळा यायचा तो कचेरीतून सुटल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आला होता, तेव्हा मी खिडकीत बसून रस्त्यावरच्या छत्र्या बघायचो आणि ही मला बघायची.

५ ऑक्टोबर

आज एक गंमत झाली. पाच कॅमेरे जुळवून झाले होते, सगळ्यात लहान अजून उघडायचा होता. मी हिला म्हटलं, "बघ तरी एकदा यातून. आपल्या खिडकीचा गज कसा नागमोडी दिसतो. जुन्या काचेचा गुण आहे हा, नव्या कॅमेऱ्यात पैसे टाकूनही मिळणार नाही."

तिने हात पुसले, कॅमेरा डोळ्याला लावला. कडी कशी फिरवायची ते मी दाखवलं. बराच वेळ बघत होती. मग कॅमेरा खाली घेऊन तिने नुसत्या डोळ्यांनी खिडकीकडे बघितलं, पुन्हा कॅमेऱ्यातून बघितलं आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

"दिसलं ना?" मी विचारलं.

"मला काही कळत नाही बाई त्यातलं," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला दुसऱ्या डोळ्याने नाही का बघता येत?"

मी हसलो. म्हटलं, बंदूक आणि कॅमेरा उजव्याच डोळ्याने. ती वाळलेले कपडे आणायला गच्चीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. रात्रीच्या जेवणाआधी लेकीचा फोन आला. एरवी ती रविवारी करते. "बाबा, तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जातोयस?" हेच पहिलं वाक्य. या मायलेकींना कोण शिकवतं कळत नाही. म्हटलं, हा फोटोंचा बेत संपला की जातो. "नक्की?" म्हणाली. म्हटलं, नक्की. फोन हिच्याकडे दिला, तर ही आतल्या खोलीत नेऊन बोलत बसली.

उरलेले दोन्ही उरकले. आता सगळे एका सुरात.

१२ ऑक्टोबर

आज मी हवेत आहे, हे आधीच लिहून ठेवतो.

कोपऱ्यावरच्या टेलरचा फोटो द्यायला गेलो होतो. जाताना वाटेत दोनदा परत फिरलो, कारण तोही फोटो पुसट. सगळे कॅमेरे जुळवूनही पुसट! टेलरने हात झटकून फोटो घेतला, खिडकीशी नेला आणि बघतच राहिला. मग मशीनवर बसलेल्या बायकोला हाक मारली. तिने बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, स्वप्नात माणूस दिसतो ना, तसे दिसताय तुम्ही." टेलर म्हणाला, "साहेब, आजवर माझे फोटो निघाले ते सगळे सरकारी. हा पहिला माझा." तिथल्या तिथे आरशाशेजारी टांगला.

घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते. सगळे प्रिंट टेबलावर मांडले आणि नव्याने बघितले. खरंच की! चेहऱ्यांच्या कडा उजेडात विरघळल्यात, डोळे आहेत आणि नाहीत. मी उगीच स्क्रूंच्या मागे लागलो होतो. या जुन्या भिंगांना जे दाखवायचंय ते हेच असणार. हिला विचारलं, "कसे आहेत?" ती म्हणाली, "छान आहेत." विचारलं, "खरंच?" तर म्हणाली, "खरंच. तुम्ही असे खूश दिसलात की मला बरं वाटतं."

फोटोचं विचारलं होतं, माझं नाही. पण असो.

संध्याकाळी दातवाला आला. हा माझा शाळेपासूनचा मित्र. जन्मभर लोकांचे दात काढले आणि आता माझ्यासारखेच घडीचे कॅमेरे जमवतो. त्याला घडीचा कॅमेरा उघडला की जबडाच आठवतो. फोटो बघून त्याने भुवया चढवल्या. "हे मुद्दाम?"

"मुद्दाम," मी म्हणालो. जिभेला हाड नसतं.

"मग तू कलावंत निघालास लेका. मला वाटलं, नेम चुकला." जाताना माझे तीन कॅमेरे घेऊन गेला. त्यालाही स्वप्नं पाडायची आहेत म्हणे.

२० ऑक्टोबर

पहाटे उठून कालव्यावर गेलो. धुकं इतकं की पाणी कुठे संपतं आणि काठ कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. सगळ्यात लहान कॅमेरा उघडला आणि डोळ्याला लावला.

काय सांगू! काठावरचे दिव्याचे खांब मधेच वळून एकमेकांकडे कलले होते, दोन ओळखीची माणसं वाटेत भेटावीत तसे. पूल पाण्याकडे थोडा वाकला होता. एक बाई सायकल हातात धरून चालली होती. ती पिवळ्या चौकोनात शिरली आणि तिथल्या तिथे विरघळली, दुसऱ्या बाजूने पुन्हा सायकलसकट निघाली. कॅमेरा खाली घेतला की सगळं आपलं नेहमीचं, आखीव. पुन्हा लावला की जग पुन्हा पातळ होऊन वाहायला लागायचं. जन्मभर मी सरळ रेघांची चाकरी केली. म्हातारपणी कुणीतरी मला सांगतंय की, बाबा रे, रेघेलाही कधी कधी पाय मोकळे करावेसे वाटतात.

बाकाच्या एका टोकाला बसून राहिलो. किती वेळ गेला कळलं नाही. जरा डुलकीही लागली, आणि डुलकीत आणि जागेपणात फारसा फरक नव्हता. मला जे दिसतं ते शेजारून जाणाऱ्या कुणालाच दिसत नाही, याचं त्या क्षणी मला खरोखर वाईट वाटलं.

परत आल्यावर ही म्हणाली, "पूर्ण गल्ली झाली ना आता? मग डॉक्टर." म्हटलं, तू राहिलीस की अजून. "मग माझा आजच काढा." म्हटलं, आज उजेड नाही. तिचा फोटो मला घाईत उरकायचा नाही. इतक्या जणांची स्वप्नं काढली, घरचं माणूस सगळ्यात सुंदर यायला हवं.

३० ऑक्टोबर

ऊन नाही. हिचा फोटो पुढे ढकलला. ती आता रोज सकाळी केस विंचरून खिडकीशी येऊन बसते आणि मी आभाळाकडे बघून मान हलवतो.

६ नोव्हेंबर

दातवाला आला. नेहमी दारातूनच बडबड सुरू करतो, आज सरळ टेबलाशी आला. नेलेले तीन कॅमेरे टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "बाकीचेही आण." मग एकेकाची पाठ उघडली, रोल बसतो त्या जागी पातळ ट्रेसिंग पेपर ताणून लावला, भिंग उघडं ठेवलं आणि खिडकीपर्यंत टेप धरून अंतर मोजलं. कागदावर खिडकीचं उलटं चित्र उमटलं. गज सरळ होते. मग त्याने कॅमेऱ्यावरच्या रेंजफाइंडरातून बघितलं, तर अंतर जुळेना.

सातही कॅमेरे असे तपासून त्याने टेप गुंडाळला.

"वेगवेगळ्या कारखान्यांतले, वेगवेगळ्या वयाचे कॅमेरे आहेत हे," तो म्हणाला. "आणि सगळे एकाच बाजूला, एकाच मापाने चुकलेत."

"जुने झालेत."

"दहा माणसांचा तोच दात किडलेला दिसला तर मी दहा दातांना दोष देत नाही. ती सगळी कुठलं पाणी पितात ते बघतो. हे कुणी जुळवले?"

"मी."

"कुठल्या डोळ्याने?"

माझा हात आपोआप उजव्या डोळ्याकडे गेला. त्याने खुर्ची माझ्यासमोर ओढली, हाताने माझा डावा डोळा झाकला आणि म्हणाला, "तो गज बघ. कॅमेरा नाही, काही नाही. नुसता बघ."

गजाला मधे पोट होतं.

त्याने हात उजव्या डोळ्यावर आणला. गज सरळ झाला. ओळंब्यासारखा सरळ, जसा मी जन्मभर काढला तसा. पुन्हा डावा झाकला. पुन्हा वाकडा, आणि वाकड्याच्या मधोमध घड्याळजीच्या भिंगावर होता तो राखाडी डाग. भिंग तर ड्रॉवरमध्ये होतं.

मला भीती वाटली. इतकी की मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं, तिचा चेहरा बघितला की धीर येईल. डावा डोळा झाकलेलाच होता. मी तिच्याकडे बघितलं तर केस होते, कान होते, गळ्याशी स्वेटरची बटणं होती, आणि जिथे चेहरा तिथे धूर होता.

"अहो," ती म्हणाली, तेव्हा कळलं की ती रडते आहे. आवाजावरून कळलं.

७ नोव्हेंबर

आज लिहवत नाही.

१० नोव्हेंबर

दातवाल्याने ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे वेळ घेऊन दिली. मोठ्या हॉस्पिटलातली तरुण बाई, नखं बारीक कापलेली, बोलणं तसंच. डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, यंत्रांपुढे हनुवटी टेकवून बसवलं, हाताच्या शिरेत पिवळं औषध सोडून डोळ्याच्या आतले फोटो काढले. पडद्यावर मला माझाच डोळा दाखवला. लालसर गोळा, त्यावर फांद्या आणि मधोमध ओला डाग पडलेल्या भिंतीसारखं काहीतरी. मला म्हणायचं होतं, फोटो मात्र स्पष्ट आलाय हं. पण म्हणवलं नाही.

ही बाहेर बाकावर होती. मीच तिला आत येऊ नको म्हटलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नजरेच्या मधल्या भागात आतून पाझर झाला आहे आणि तिथे आता वण धरला आहे. इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं टिकवू, पण उजव्याचा मधला भाग परत येईल असं मानू नका. डाव्यात किंचित सुरुवात दिसते. त्याच्यावर मात्र रोज लक्ष ठेवायचं: बारीक चौकटी आखलेल्या कागदाकडे बघायचं, एक जरी रेघ वाकली तरी त्याच दिवशी यायचं.

"वाकडं कधीपासून दिसतंय?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. सप्टेंबर.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेव्हाच आला असतात तर उजवा बराचसा वाचला असता," त्या म्हणाल्या. रागाने नाही, पण आडपडदाही ठेवला नाही.

मी बाहेर येऊन बसलो. थेंबांमुळे सगळं पांढरं फटक दिसत होतं, दिव्यांना पिसं फुटली होती. मग कोणते थेंब किती वेळा ते समजावून सांगायला त्यांनी हिला आत बोलावलं. थेंबांचं सांगायला एवढा वेळ कसा लागला कोण जाणे. बाहेर आल्यावर ती सरळ बेसिनकडे गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. म्हणाली, "इतका वेळ बसून डोळे चुरचुरले." मी म्हटलं, आता तूही दाखवून घे.

११ नोव्हेंबर

पहिलं इंजेक्शन झालं. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. डोळ्यावर पट्टी घेऊन दुपारी पडून होतो. ही शेजारी बसून मोसंबं सोलत होती, आणि सोलता सोलता एकदम बोलायला लागली.

"त्या दिवशी तुम्ही मला कॅमेऱ्यातून बघायला लावलंत. आठवतं? मला गज सरळ दिसला होता. आणि ती दोन चित्रं पण झटकन एक झाली होती. मला तेव्हाच कळलं होतं."

मी कूस वळवून तिच्याकडे तोंड केलं.

"फोटो पण पुसट होते. टेलरच्या बायकोलाही ते कळत होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती काहीतरी गोड बोलली, आणि मग आम्ही सगळेच बोलत राहिलो. मी लेकीला फोन करायला सांगितलं, पण तुम्हाला तोंडावर नाही सांगितलं. कचेरी सुटल्यापासून पहिल्यांदा तुम्ही गुणगुणत होतात हो. मला वाटलं, हा एवढा बेत होऊन जाऊ दे, मग हात धरून नेईन. मी तेव्हाच बोलले असते तर..."

तिला रडू फुटलं. मोसंब्याची साल हातातच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला अशी रडताना बघितलेलं नाही. आताही बघितलं नाही म्हणा, अर्धं बघितलं.

मी उठून बसलो. म्हटलं, "वेडी आहेस का? डॉक्टरीणबाईंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, सप्टेंबरात आला असतात काय आणि आज आला काय, काही फरक पडला नसता. हा आजारच तसा."

तिने मान वर केली. माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. नाक पुसलं, साल ताटलीत ठेवली.

"हो," ती म्हणाली. "मलाही त्या तसंच म्हणाल्या."

मी थक्क झालो. केवढं मन त्या डॉक्टरीणबाईंचं! मला खरं सांगितलं, कारण मी पुरुषासारखं ऐकून घेईन हे ओळखलं, आणि हिला खोटं सांगितलं, कारण हिचा जीव केवढा ते तिने एका नजरेत ताडलं. वरून कोरडी वाटते, पण आतून लोणी आहे. तिचा एक चांगला फोटो काढून द्यायला हवा.

मग आम्ही ते मोसंबं वाटून खाल्लं. कडू होतं. दोघांनीही तसं सांगितलं, आणि त्यावरूनच एक करार केला: यापुढे माझा फोटो वाईट आला तर हिने वाईट म्हणायचं. तोंडावर. "रागावणार नाही ना?" म्हणाली. म्हटलं, रागावीन, पण तू म्हण.

२२ नोव्हेंबर

दातवाल्याने सातही कॅमेरे नीट जुळवून दिले. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात घातलेला हात आहे, त्यामुळे स्क्रूला लागला की थरथरत नाही. जाताना म्हणाला, "मीही बघून गप्प बसलो होतो रे. कलावंत वगैरे बोललो." म्हटलं, जाऊ दे, ते वाक्य माझ्याकडे ठेवून घेतो. खरं नसलं तरी छान होतं.

आज ऊन होतं. हिला खिडकीशी बसवलं.

डाव्या डोळ्याने बघायची सवय नाही. नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपतं, बोट भिंगावर येतं, आणि उजवा डोळा मिटायच्या ऐवजी डावाच मिटतो. ही हसायला लागली. मी ओरडलो, "हलू नकोस!" ती म्हणाली, "श्वास घेऊ का?" म्हटलं, थोडा घे.

मग सापडली. पिवळ्या चौकोनात तीच, पण दोन. एक नीट आणि एक पुसट, जरा बाजूला. मी कडी फिरवली. पुसट ती हळूहळू सरकत आली, जिन्याने सावकाश उतरून यावी तशी, आणि नीट हिच्यात शिरून बसली. कपाळ कपाळावर, हनुवटी हनुवटीवर. कानाजवळचा पांढरा केसही एकच झाला. मी कळ दाबायचं विसरलो. चौकटीचा कागद रोज बघतो, रेघा अजून सरळ आहेत. पण त्या किती दिवस सरळ राहतील हे कुणी सांगितलेलं नाही. तोवर हा चेहरा मला बघून घ्यायचा होता. मी बघत राहिलो, आणि मला तिच्यावर इतकं प्रेम आलं की मान अवघडली तरी कळलं नाही.

"झालं का?" तिने ओठ न हलवता विचारलं.

तेव्हा कळ दाबली.

१ डिसेंबर

प्रिंट आला. पाकीट न फोडताच तिच्या हातात दिलं आणि समोर उभा राहिलो.

तिने चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला.

"वाईट आलाय," ती म्हणाली.

"खरं?"

"अगदी वाईट. स्वेटरची बटणं स्पष्ट आहेत आणि डोळे धुक्यात. कळ दाबताना हललात तुम्ही. आणि डोक्याचा वरचा भाग कापायला मी काय केलं होतं?"

मी फोटो घेऊन खिडकीशी गेलो. बरोबर बोलत होती. अगदी भिकार फोटो. टेलरच्या बायकोलाही त्यात स्वप्न सापडलं नसतं. आणि मला इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना. तीही हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले, का ते कळलं नाही. नवीन रोल भरला. उद्या ऊन पडलं तर पुन्हा काढायचा.

आता ती माझ्याशी कधी खोटं बोलणार नाही. या घरात एकच खोटं उरलं आहे आणि ते माझं आहे. ते मी शेवटपर्यंत सांभाळीन, तिला कळू देणार नाही.